तेरा वर्षांच्या भाचीला पहिला कृष्णधवल हॉलिवूडपट कोणता दाखवावा?

निळी शाई

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत माझी तेरा वर्षांची भाची आठ दिवस आमच्याकडे राहायला येणार आहे. मागच्या वेळी आली होती तेव्हा तिने माझ्या कपाटातल्या सगळ्या डीव्हीडी खाली काढून मांडल्या आणि "मामा, ह्यांच्यात रंग का नाहीत, आणि तू हे एकटाच का बघतोस?" असे दोन प्रश्न एका दमात विचारले. पहिल्याचे उत्तर मी दिले. दुसऱ्याचे मला देता आले नाही. या खेपेस तिला शेजारी बसवून एक तरी जुना हॉलिवूडपट दाखवावा असे मनात आहे. तो कोणता असावा हे ठरत नाही, म्हणून हा धागा.

माझी या चित्रपटांशी गाठ पडली ती अपघाताने. १९९५ नंतर काही वर्षे केबलवर कार्टून नेटवर्क आणि टीएनटी या दोन वाहिन्या एकाच जागी दिसत असत. दिवसभर टॉम आणि जेरी एकमेकांमागे धावत, आणि त्यांची वेळ संपली की त्याच ठिकाणी मेट्रो गोल्डविन मेयरचा सिंह गर्जना करून एखादा कृष्णधवल चित्रपट सुरू करून देई. घरातले कोणीतरी "आता पुरे, झोप" म्हणेपर्यंत जेवढा पाहता येई तेवढा मी पाहत असे. त्यामुळे कित्येक चित्रपटांचे शेवट मला पुढे दहा-पंधरा वर्षांनी कळले.

अशाच एका रात्री अर्न्स्ट लुबिच यांचा 'द शॉप अराउंड द कॉर्नर' (१९४०) लागला होता. बुडापेस्टमधल्या एका दुकानात काम करणारे दोघे दिवसभर एकमेकांशी कडाकडा भांडतात आणि रात्री, पलीकडे कोण आहे हे ठाऊक नसताना, एकमेकांनाच पत्रे लिहितात, अशी ती गोष्ट. निम्मे संवाद डोक्यावरून गेले. पण एक दृश्य मनात रुतून बसले. टपाल कचेरीतल्या पेट्यांच्या मागच्या बाजूला कॅमेरा आहे. एका पेटीचे दार उघडते, हातमोजा घातलेला हात आत येतो, रिकाम्या पेटीत बोटे चाचपडतात आणि हात बाहेर जातो. मग त्या चौकोनातून नायिका मार्गारेट सलव्हनचा चेहरा आत डोकावतो. पत्र आलेले नाही. त्या दृश्यात एकही शब्द नाही, आणि त्याच चित्रपटात थोड्या वेळापूर्वी मी मोठमोठ्याने हसत होतो.

तेव्हापासून माझे असे मत आहे की त्या काळच्या चांगल्या विनोदी चित्रपटांत हसू आणि रडू एकाच पंगतीला बसलेले असते. आधी दीड तास विनोद आणि मग पंधरा मिनिटे कारुण्य, अशी वाटणी तिथे नसते. हे आपणांस पटते का, आणि पटत असल्यास मुलीला सुरुवात कशाने करून द्यावी, हे कृपया सांगावे.

चष्मिष्ट

जाड्या-रड्या (लॉरेल आणि हार्डी). यापलीकडे चर्चेला काही उरते असे मला वाटत नाही.

टेकडीवरचा

चष्मिष्ट यांनी एका शब्दात निकाल लावला असला तरी मी जरा सविस्तर लिहितो.

पहिला चित्रपट निवडताना भाषेचा अडसर नसावा, म्हणून माझे मत चॅप्लिन यांच्या 'सिटी लाइट्स'ला (१९३१). बोलपट येऊन स्थिरावले होते, तरीही त्यांनी हट्टाने मूकपट काढला आणि संगीत व मोजके आवाज एवढेच ठेवले. अगदी पहिल्या प्रसंगात पुतळ्याच्या अनावरणासाठी जमलेले मान्यवर भाषणे करतात आणि त्यांच्या तोंडून नुसती पिपाणीसारखी चिरचिर ऐकू येते. ही बोलपटांची टर आहे, पण ज्याने आपल्याकडचा कुठलाही उद्घाटन समारंभ पाहिला आहे त्याला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

निळी शाई यांच्या मुद्द्याला या चित्रपटाइतका भक्कम पुरावा मला दुसरा दिसत नाही. यातला धनिक फक्त दारूच्या नशेत चॅप्लिन यांनी रंगवलेल्या भटक्याला मित्र म्हणून ओळखतो आणि शुद्धीवर आला की हाकलून देतो. हा विनोद चित्रपटभर पुन्हा पुन्हा येतो. दुसरीकडे आंधळी फूलवाली मोटारीचे दार लागल्याचा आवाज ऐकून भटक्यालाच श्रीमंत समजते. म्हणजे कोण कोणाला ओळखते आणि कशावरून, याच एका गोष्टीवर सगळे हसू उभे आहे. शेवटी दृष्टी आलेली मुलगी त्याच्या हातात नाणे ठेवते आणि बोटांच्या स्पर्शाने त्याला ओळखते, तेव्हा आतापर्यंत ज्याला आपण हसलो तीच गोष्ट आपल्यावर उलटते. तिथले रडू बाहेरून आणलेले नाही.

आडवळण

धागाकर्त्यांच्या लेखनाबद्दल आदर आहेच, पण इथे सगळ्यांनीच एका सुरात आरती म्हणावी असे मला वाटत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, ज्या काळात आणि ज्या देशात आपण जगलोच नाही त्याचे हे स्मरणरंजन आहे. आपल्याला आठवते ती टीएनटीची रात्र, आजीची गोधडी आणि दुसऱ्या दिवशीची शाळा. श्रेय मात्र लुबिच यांच्या पदरात पडते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या चित्रपटांत कृष्णवर्णीय माणसे दारे उघडतात, सामान वाहतात आणि डोळे विस्फारून हशा मिळवतात, याहून फारसे काही त्यांच्या वाट्याला येत नाही. 'ब्रेकफस्ट अॅट टिफनीज' (१९६१) हा अनेकांचा लाडका आहे, पण त्यात मिकी रूनीने दात पुढे काढून जपानी शेजाऱ्याची जी नक्कल केली आहे ती तेरा वर्षांच्या मुलीने पाहिली आणि "मामा, हे विनोदी आहे का?" असे विचारले, तर मामा काय उत्तर देणार आहेत?

तिसरी गोष्ट, अभिजातता कशी तयार होते याची. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) प्रदर्शित झाला तेव्हा खर्चही नीट वसूल करू शकला नाही. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करायचे राहून गेले, दूरचित्रवाणी केंद्रांना तो जवळजवळ फुकट दाखवता येऊ लागला, आणि दर नाताळात पाहून पाहून लोकांना तो आवडू लागला. नळाला पाणी येते म्हणून आपण ते पितो, त्याला तीर्थ म्हणत नाही.

टेकडीवरचा

आडवळण, आपला दुसरा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे आणि त्यावर पांघरूण घालण्याची माझी इच्छा नाही. तो प्रसंग लागला की मी स्वतः पुढे ढकलतो, आणि भाचीसोबत पाहताना मात्र तो न ढकलता त्यावर बोलावे, असे माझे मत आहे.

तिसरा मुद्दा पटला नाही. हक्क सुटलेले जुने चित्रपट शेकड्यांनी आहेत; त्यांतले बहुतेक कोणी फुकटही पाहत नाही. 'वंडरफुल लाइफ' टिकला त्याचे एक कारण जेम्स स्ट्यूअर्ट आहे. युद्धात बॉम्बफेकी विमाने चालवून परतल्यानंतरचा हा त्याचा पहिला चित्रपट. बारमध्ये बसून हात तोंडाशी नेत तो पुटपुटत प्रार्थना करतो तिथे पाहा. ज्या नटाने आधी दहा वर्षे लाजरा, अडखळत बोलणारा गोड मुलगा रंगवला होता त्याच्या चेहऱ्यावर तिथे निव्वळ भीती आहे. आणि हा चित्रपट म्हणावा तितका गोडही नाही. आठ हजार डॉलर लाटणारा खलनायक पॉटर शेवटपर्यंत पकडला जात नाही, ही गोष्ट शेवटच्या गाण्याच्या भरात आपण विसरतो एवढेच.

रातराणी

आडवळण यांचा पहिला मुद्दा वाचून थोडी अस्वस्थ झाले, म्हणून ज्याच्याशी माझी बालपणाची एकही आठवण जोडलेली नाही अशा चित्रपटाबद्दल लिहिते. मी तो वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, कोणतीही पूर्वकल्पना नसताना पाहिला.

लिओ मॅकॅरी यांचा 'मेक वे फॉर टुमॉरो' (१९३७). बँकेने घर ताब्यात घेतल्यावर म्हाताऱ्या जोडप्याला कोणत्याच मुलाकडे एकत्र जागा नसते, म्हणून आई एका मुलाकडे आणि वडील दूर दुसऱ्या गावी मुलीकडे, अशी वाटणी होते. एका संध्याकाळी सूनबाईंची पत्त्यांची शिकवणी भरलेली आहे, टेबलाटेबलांवर नटलेली मंडळी ब्रिज खेळत आहेत, आणि सासूबाई मध्येच आपली कुरकुरणारी झुलती खुर्ची घेऊन बसतात. लोक चोरून हसतात, आपणही हसतो. तेवढ्यात दूरगावाहून नवऱ्याचा फोन येतो. त्या पिढीच्या माणसांना वाटते की लांब बोलायचे म्हणजे मोठ्याने बोलायला हवे, त्यामुळे त्या दिवाणखान्याच्या मध्यभागी उभ्या राहून ओरडून बोलतात: थंडी आहे, जपून राहा, फोनला किती पैसे पडले असतील. सुरुवातीला खेळणाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. हळूहळू पत्ते हातातच राहतात आणि कोणी कोणाकडे पाहत नाही. फोन ठेवून होतो तेव्हा खोलीत आवाज नसतो.

माझ्या सासूबाई गावाकडून फोन करायच्या तेव्हा अशाच ओरडून बोलायच्या, आणि कार्यालयातल्या मैत्रिणींपुढे मला त्याची लाज वाटून मी "नंतर बोलते" म्हणून फोन ठेवत असे. त्या आता नाहीत. तो प्रसंग पाहताना मी कोणाच्या बाजूला बसले होते हे मला स्पष्ट दिसले, आणि ते स्मरणरंजन नक्कीच नव्हते.

शेवट गोड करावा असे पॅरामाउंट स्टुडिओच्या मंडळींचे म्हणणे होते. मॅकॅरी यांनी ऐकले नाही. त्याच वर्षीच्या 'द ऑफुल ट्रुथ' या विनोदी चित्रपटासाठी त्यांना दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले, तेव्हा आपण चुकीच्या चित्रपटासाठी बक्षीस दिलेत, असे त्यांनी मंचावरूनच सांगितले. आपल्याकडे राजा परांजपे यांच्या 'ऊन पाऊस'मध्ये (१९५४) निवृत्त मास्तर आणि त्यांच्या पत्नीची मुलांमध्ये अशीच वाटणी होते, हे वाचकांना आठवेलच. हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहण्याचे धाडस मात्र करू नये.

भाचीसाठी हा नको. अजून तीस वर्षांनी.

चष्मिष्ट

रातराणी यांचा प्रतिसाद वाचून तडक गावी आईला फोन लावला. ती म्हणाली, "किती पाठवू?"

गावठी आंबा

इतके गंभीर होण्यापेक्षा तिला बिली वाइल्डर यांचा 'सम लाइक इट हॉट' (१९५९) दाखवा. दोन वादक गुंडांच्या भीतीने बायकांचे कपडे घालून बायकांच्या वाद्यवृंदात शिरतात. मुलीने 'अशी ही बनवाबनवी' पाहिलेला असणारच, आणि तो यावरूनच घेतलेला असल्यामुळे तिला गोष्ट लगेच कळेल.

दप्तर

गावठी आंबा, ही समजूत फार पसरलेली आहे, पण ती बरोबर नाही. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान'वरून (१९६६) आला आणि त्याचे मूळ एका बंगाली चित्रपटात आहे. तिथे प्रश्न भाड्याच्या खोलीचा आहे, गुंडांचा नाही. 'सम लाइक इट हॉट'चा हिंदी अवतार म्हणजे ऋषी कपूर आणि पेंटल यांचा 'रफू चक्कर' (१९७५). आणि वाइल्डर यांनी तरी कल्पना घरून कुठे आणली होती? ती १९३५ च्या एका फ्रेंच चित्रपटातली. घरमालक आणि भाडेकरू यांच्याइतकाच जुना धंदा आहे हा.

धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. हसू आणि रडू एका पंगतीला, हे निळी शाई यांचे निरीक्षण तपासायचे असेल तर फ्रँक काप्रा यांचा 'इट हॅपन्ड वन नाइट' (१९३४) पाहावा. श्रीमंत बापाच्या घरातून पळालेली मुलगी आणि नोकरी गेलेला बातमीदार रात्रीच्या बसने निघाले आहेत. बसमध्ये कोणीतरी गाणे सुरू करतो, एकेक प्रवासी कडवे म्हणतो, शेवटी चालकही हात सोडून तालात सामील होतो आणि बस रस्ता सोडून चिखलात जाते. सगळे खिदळत सावरतात, आणि त्याच क्षणी एका लहान मुलाचा टाहो ऐकू येतो: त्याची आई बेशुद्ध पडली आहे, कारण तिकिटात पैसे संपल्यामुळे तिने काही खाल्लेले नाही. गाण्यापासून उपासापर्यंत जेमतेम अर्धा मिनिट. १९३३ मध्ये अमेरिकेत कामकरी माणसांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा बेकार होता. थिएटरात बसलेल्यांना ती बाई अनोळखी नव्हती.

याच कथेवरून आपल्याकडे 'चोरी चोरी' (१९५६) आणि 'दिल है के मानता नहीं' (१९९१) निघाले. दोघांतही गाणी उत्तम आहेत.

आडवळण

दप्तर यांनी दिलेले उदाहरण चांगले आहे, हे मान्य करतो. पण पुढे काय होते तेही सांगा ना. त्या मुलाच्या हातावर दहा डॉलर ठेवले जातात आणि ती भुकेली बाई चित्रपटातून कायमची नाहीशी होते, कारण आपल्याला नायक-नायिकेच्या खोलीतल्या दोरीवर टांगलेल्या त्या चादरीकडे जायचे असते. मला नेमके हेच खटकते. दारिद्र्य चवीपुरते.

रातराणी

आडवळण, चवीपुरते असते हे खरे. पण आजच्या विनोदी चित्रपटात ते चवीलाही नसते, त्याचे काय?

बायकांबद्दलही एक सांगायचे राहिले. 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०) ज्या नाटकावरून घेतला त्यात बातमीदार हिल्डी हा पुरुष होता. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनी त्याची बाई केली, तिला संपादकाची घटस्फोटित पत्नी केले आणि संपादक झालेल्या कॅरी ग्रँटपेक्षा वेगाने बोलू दिले. दोघे एकमेकांचे वाक्य पुरे होऊ न देता बोलतात, घरात भांडण व्हावे तसे. कामात हुशार असणारी आणि त्याबद्दल माफी न मागणारी अशी बाई मला त्यानंतरच्या कित्येक दशकांत पडद्यावर क्वचितच भेटली.

दूरदेशी

लॉस एंजेलिसहून लिहितो आहे. चष्मिष्ट यांच्या पहिल्या प्रतिसादाकडे कोणी नीट लक्ष दिलेले नाही, म्हणून त्यांची बाजू घेतो.

जाड्या-रड्या यांचा 'द म्युझिक बॉक्स' (१९३२) हा अर्ध्या तासाचा चित्रपट ज्या जिन्यावर घडतो तो जिना इथल्या सिल्व्हर लेक भागात आजही आहे. शेजारच्या दोन घरांच्या मधून वर जाणारा साधा सिमेंटचा जिना, बाजूला नावाची पाटी. भारतातून वडील आले होते तेव्हा त्यांना दाखवायला नेले. वडिलांनी पायऱ्या मोजत चढायला सुरुवात केली, अर्ध्यावर थांबून दम खाल्ला, पुन्हा चढले आणि वर पोहोचल्यावर १३३ असा आकडा जाहीर केला. मग खाली पाहत म्हणाले, "आणि हे दोघे पियानो घेऊन चढले." माझे वडील एरवी चित्रपटाला वेळेचा अपव्यय मानतात.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: पियानो वर नेताना तो पुन्हा पुन्हा निसटून खाली जातो, वाटेत आया, पोलीस आणि एक अतिशय संतापी प्राध्यापक भेटतात. अखेर पियानो वर पोहोचतो. तेव्हा पोस्टमन त्यांना सांगतो की मागून गाडीचा रस्ता आहे, जिना चढायची गरजच नव्हती. त्यावर हे दोघे काय करतात? पियानो पुन्हा जिन्याने खाली आणतात, गाडीत घालतात आणि रस्त्याने वर नेतात.

सरकारी कामाचा अनुभव असलेल्या कोणालाही यात अतिशयोक्ती दिसणार नाही.

जुना प्रोजेक्टर

मी वयाने आपणा सर्वांहून बहुधा मोठा असेन. दूरदेशी यांनी जिन्याचा विषय काढला म्हणून आठवले: मुंबईचे रीगल १९३३ मध्ये सुरू झाले ते जाड्या-रड्या यांच्याच 'द डेव्हिल्स ब्रदर' या चित्रपटाने, असे आमचे वडील अभिमानाने सांगत. मेट्रो आणि इरॉस ही दोन्ही चित्रपटगृहे पाच वर्षांनी, १९३८ मध्ये आली. या इमारतींमुळे इंग्रजी विनोदी चित्रपट ही आमच्या आधीच्या पिढीला चांगल्या कपड्यांत जाऊन पाहण्याची गोष्ट वाटे.

आमच्या वाट्याला मात्र फिल्म सोसायटी आली. सत्तरच्या दशकात आमच्या तालुक्याच्या गावी शाळेच्या सभागृहात महिन्यातून एकदा सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर लावून आम्ही चित्रपट दाखवत असू, आणि यंत्र चालवण्याचे काम माझ्याकडे होते. 'रोमन हॉलिडे'च्या (१९५३) वेळी डब्यांवरच्या चिठ्ठ्या निघून गेल्या होत्या आणि मी रिळे उलटसुलट लावली. राजकन्येने रोममध्ये न्हाव्याकडे बसून केस कापून घेतले, लोक हळहळले, आणि पुढच्या रिळात ती पुन्हा लांब केसांची होऊन हजर. मला घाम फुटला. मध्यंतरात एक ज्येष्ठ शिक्षक मला म्हणाले, "ही स्वप्नाची कल्पना दिग्दर्शकाने फार सूचक वापरली आहे." मी मान डोलावली. ती चूक आज प्रथमच जाहीरपणे कबूल करतो आहे.

शेवटचे रीळ सुदैवाने शेवटीच लागले. राजकन्या पत्रकारांना भेटून आत निघून जाते, ग्रेगरी पेक त्या लांबलचक दालनातून एकटा चालत येतो, त्याच्या बुटांचा आवाज येत राहतो आणि आपल्याला वाटते की आता ती मागून येईल. ती येत नाही. त्या रात्री प्रोजेक्टरची खरखर सोडली तर सभागृहात काहीच ऐकू येत नव्हते.

त्या कथेमागचीही एक कथा आहे. ती लिहिली डाल्टन ट्रम्बो यांनी, पण कम्युनिस्ट म्हणून त्यांचे नाव काळ्या यादीत होते, त्यामुळे पडद्यावर नाव लागले मित्राचे आणि ऑस्करही त्या मित्राच्या नावावर गेले. ट्रम्बो यांच्या नावाने ते ऑस्कर दिले गेले १९९३ मध्ये, तोवर ते जाऊन सतरा वर्षे झाली होती. आपली खरी ओळख लपवून एक दिवस जगणाऱ्या मुलीची गोष्ट अशा माणसाने लिहिली होती. आडवळण यांना हे चवीपुरते वाटू नये अशी आशा आहे.

आडवळण

जुना प्रोजेक्टर, आपल्यापुढे हात जोडले.

इतका वेळ विरोध केला, तर एक चित्रपट माझ्याकडूनही सुचवतो, म्हणजे निव्वळ अरसिक असल्याचा आरोप होणार नाही. वाइल्डर यांचा 'द अपार्टमेंट' (१९६०). विमा कंपनीतला एक कारकून बढतीच्या आशेने आपल्या घराची किल्ली वरिष्ठांना त्यांच्या भानगडींसाठी देतो आणि स्वतः थंडीत बागेतल्या बाकावर कुडकुडत बसतो. कचेरीचे ते प्रचंड दालन खरे तर तेवढे मोठे नव्हते. मागच्या रांगांत क्रमाने लहान होत जाणारी टेबले आणि लहान चणीची माणसे बसवून ते अथांग भासवले होते. त्या दालनातला माणूस घरी येऊन टेनिसच्या रॅकेटने शेवया निथळतो तेव्हा मीही हसतो. त्याच माणसाला एका फुटक्या आरशात स्वतःचा चेहरा पाहताना सगळे उमगते, तिथे संगीताचा पूर येत नाही आणि कोणी रडत नाही. भावना दाखवायची तर अशी. लुबिच असते तर हे कसे केले असते, अशी पाटी वाइल्डर यांनी आपल्या खोलीत लावली होती, त्यामुळे श्रेय शेवटी धागाकर्त्यांच्या दुकानदाराकडेच जाते, हे मला ठाऊक आहे.

अर्थात हा मुलीला नको. त्यात आत्महत्येचा प्रयत्न आहे.

दप्तर

अवांतर: धागाकर्त्यांच्या आवडत्या चित्रपटातही एक आहे. म्हाताऱ्या दुकानमालकाचा.

आडवळण

आणि 'वंडरफुल लाइफ'मध्येही. या आनंदी चित्रपटांच्या यादीकडे आता जरा निराळ्या नजरेने पाहावे लागेल.

निळी शाई

मंडळी, दिवाळी झाली, भाची काल परत गेली. सर्वांचे मनापासून आभार मानून वृत्तांत देतो.

टेकडीवरचा यांचे ऐकून पाडव्याच्या दुपारी 'सिटी लाइट्स' लावला. पहिली दहा मिनिटे ती फराळाच्या ताटाकडेच पाहत होती. मग फूलवालीच्या हातून फूल खाली पडते ते दृश्य आले. भटका ते उचलून धरतो, पण ती जमिनीवर चाचपडतच राहते आणि तेव्हा त्याला कळते की तिला दिसत नाही. भाची म्हणाली, "थांब, मागे घे." ते दृश्य आम्ही तीनदा पाहिले. मुष्टियुद्धाला ती पाय आपटून हसली. शेवटी काही बोलली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली आणि पाणी पिऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता तिने विचारले, "त्यांचं पुढे लग्न होतं का?" मी म्हटले, ते दाखवलेले नाही. "मग मला नाही आवडला," असे म्हणून तिने चूळ भरली.

'द म्युझिक बॉक्स' चार दिवसांत पाच वेळा पाहिला गेला, त्यांतल्या दोनदा ताईसुद्धा बसली. चष्मिष्ट यांनी याची नोंद घ्यावी.

शेवटच्या रात्री मोठ्या हौसेने मी माझे दुकान उघडले. टपालपेटीचे दृश्य येईपर्यंत भाची सोफ्यावर गाढ झोपली होती. मी आवाज कमी केला, तिच्या अंगावर पांघरूण घातले आणि उरलेला चित्रपट नेहमीप्रमाणे एकट्याने पाहिला. तिने विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजूनही माझ्याकडे नाही.

आज सकाळी ताईचा फोन आला होता. मागून भाचीने ओरडून विचारले, "मामा, तो दुकानवाला म्हातारा नाताळात एकटाच जेवला का?" म्हणजे झोप लागण्यापूर्वी तिने त्याच्याकडे पाहिले होते तर. मी उत्तर दिलेले नाही; मे महिन्यात येऊन स्वतः पाहा म्हणून सांगितले आहे.

चष्मिष्ट

पाच वेळा! पहिल्या दिवशीच सांगितले होते.

जुना प्रोजेक्टर

ती मे महिन्यात येईल तेव्हा दुपारी लावा, जेवण झाल्याबरोबर लावू नका, आणि पहिल्या अर्ध्या तासात तिला काहीही समजावून सांगू नका. आमच्या सभागृहात मध्येच समजावून सांगणारा एक माणूस नेहमी असे, आणि झोपणारे सगळे त्याच्याच रांगेत असत.